खाटा मोजणाऱ्या सिस्टर

बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा ते उज्जैनच्या देवास गेटजवळच्या बँकेत, आपल्या काउंटरवर बसले होते. एका म्हाताऱ्या बाईंचा पैसे काढायचा फॉर्म भरून देत होते. "माताजी, अंगूठा यहाँ," इतकं म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकलं. बँकेतल्या लोकांनी त्यांना टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं आणि मग कोणीतरी सायकल मारत माधव नगरला आमच्या घरी निरोप घेऊन आलं. माझी बारावीची परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

दवाखान्यात चार खाटांची एक खोली होती. दारावर हिंदीत 'गहन चिकित्सा' असं लिहिलेलं. आत हृदयाचे ठोके दाखवणारं मशीन एकच होतं. ज्या पेशंटची हालत सगळ्यांत नाजूक, त्याच्या उशाशी ते सरकवत न्यायचं. पहिले तीन दिवस ते बाबांच्या उशाशी होतं.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या. विशीत नोकरीसाठी उज्जैनला आल्या आणि इथल्याच झाल्या. आता पन्नाशीला टेकलेल्या, उंचीने बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी सुती साडी, आणि छातीवर पिनेने अडकवलेलं छोटं घड्याळ. सिंहस्थात राम घाटावरच्या तंबूतल्या दवाखान्यात त्यांनी महिनाभर ड्यूटी केली होती, म्हणून अर्धं गाव त्यांना ओळखायचं. त्यांच्या हिंदीत बायकाही 'करता है, जाता है' अशाच बोलायच्या. आम्हाला त्याचं हसू येत नसे. एक तर आमच्या घरच्या मराठीतच निम्मी हिंदी, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक शब्दावर आमचा जीव टांगलेला.

चौथ्या दिवशी दुपारी बाबांना बरं वाटत होतं म्हणून मशीन शेजारच्या खाटेवर गेलं. मी दाराच्या काचेतून आत बघत होते. बाबा सिस्टरना चहाबद्दल काहीतरी तक्रार सांगत होते. बोलता बोलता मध्येच थांबले. मला वाटलं, शब्द आठवताहेत. सिस्टरना तसं वाटलं नाही. त्या बाबांच्या तोंडाशी वाकून काहीतरी बोलल्या, मानेवर दोन बोटं ठेवली, "डॉक्टर साब को बुलाओ!" असं एकदाच ओरडल्या, पायाने स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि दोन्ही हातांनी बाबांची छाती दाबायला लागल्या. एवढीशी बाई, पण अख्खी खाट हलत होती. डॉक्टर धावत आले, कपाटातलं शॉकचं यंत्र काढलं. दुसऱ्या झटक्याला बाबांनी डोळे उघडले.

सिस्टर स्टुलावरून उतरल्या आणि बाबांच्या कानाशी वाकल्या. "पापाजी, आप दवाखाने में है. अभी सब ठीक है. मैं इधर ही है." मग बाहेर येऊन त्यांनी आईला काय घडलं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. दिल थोडी देर रुक गया था, हे त्यांनी तसंच म्हटलं. आई भिंतीला टेकली. तिचा हात धरून त्या मिनिटभर उभ्या राहिल्या, छातीवरचं घड्याळ बघितलं, आणि आत जाऊन तिसऱ्या खाटेवरच्या पेशंटला त्याच्या वेळेचं इंजेक्शन दिलं. अगदी वेळेवर. मला आजही त्या सगळ्या प्रसंगातलं ते इंजेक्शन सगळ्यांत जास्त आठवतं.

अकरा दिवसांनी बाबा घरी आले. माझे पेपर बरे गेले. निकालाआधीच एकदा जेवताना मी सांगून टाकलं, "मला नर्सिंग करायचंय. हार्टच्या पेशंटचं, त्या गहन चिकित्सावालं."

इंदूरहून माझा मामा आला होता, त्याने हातातला घास खाली ठेवला. "ताई, हिला समजाव. आपल्या घरातल्या मुली लोकांची भांडी उचलणार काय? आता तर कंप्युटरचे क्लास निघालेत गल्लोगल्ली. बाहेरच्या कंपन्या येऊन राहिल्यात. एवढी हुशार मुलगी आणि नर्स?"

बाबा तेव्हा हळू बोलायचे. ते म्हणाले, "ज्या बाईने छाती दाबून मला परत आणलं, ती पण कोणाच्या तरी घरातलीच मुलगी आहे ना?"

मामाने घास परत उचलला. पण माझा मामा स्वस्थ बसणारा माणूस नव्हता, आणि दुष्ट तर अजिबात नव्हता. भाची ऐकत नाही म्हटल्यावर, करायचंच तर चांगल्या ठिकाणी करू दे, असं त्याने ठरवलं. पंधरा दिवसांनी तो परत आला तो एक गुळगुळीत कागदाचा रंगीत प्रॉस्पेक्टस घेऊन. इंदूरला नवं खासगी नर्सिंग कॉलेज निघत होतं. पहिल्या पानावर काचेची इमारत आणि त्यावर सोनेरी अक्षरांत 'क्रिटिकल केअर नर्सिंगची विशेष पदवी'. क्रिटिकल केअर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. तोवर मला 'गहन चिकित्सा'च ठाऊक होतं. मला वाटलं, हा कागद कोणीतरी खास माझ्यासाठीच छापलाय.

"डायरेक्टर माझ्या ओळखीचे आहेत," मामा म्हणाला. "सीट पक्की समज. होस्टेल आहे. दर शनिवारी बसमध्ये बसलीस की दीड तासात घरी."

बाबांचा चेहरा उजळला तो त्या शनिवारच्या बसमुळे, हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रॉस्पेक्टस घेऊन सिस्टरकडे गेले. खरं तर शाबासकी घ्यायलाच गेले होते. ड्यूटी संपवून त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या, चष्मा पुसला, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं. छापखान्याचं नावसुद्धा सोडलं नाही.

"ये डिग्री कौन देता है?" त्यांनी विचारलं.

"युनिव्हर्सिटी."

"कौन सा?"

मी पानं उलटली. कुठेच लिहिलं नव्हतं.

"देखो, पहले बी.एस्सी. नर्सिंग, चार साल. सब सीखना पड़ता है. बच्चा, डिलिव्हरी, बुखार, हड्डी, पागलखाना, सब. उसके बाद एम.एस्सी. में जाके क्रिटिकल केअर. पहले दिन से क्रिटिकल केअर देगा बोलता है तो पूछना पड़ेगा, कैसे देगा." मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "इसका दवाखाना किधर है? खाट कितना है?"

"ते नाही लिहिलंय."

"काँच कितना है वो लिखा है, खाट कितना है वो नहीं लिखा." हे त्या चेष्टेने बोलल्या नाहीत. कागद नीट घडी करून मला परत दिला. "मंगलवार मेरा ऑफ है. हम जाके देखेंगे."

आठवड्याची एक सुट्टी मिळणारी बाई, माझी ना नात्याची ना गोत्याची, आणि 'हम' म्हणत होती.

मंगळवारी सकाळी देवास गेटवरून आम्ही इंदूरची बस धरली. सिस्टरनी साधी फिकट निळी साडी नेसली होती. पांढऱ्या साडीबाहेर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे बसस्टँडवर क्षणभर ओळखलंच नाही. वाटेतलं सांवेर येईपर्यंत त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. आदल्या दिवशी डबल ड्यूटी झाली होती, हे मला नंतर कळलं.

कॉलेज खरंच सुंदर होतं. लिफ्ट होती, एसी होता, खाली फरशीत तोंड दिसत होतं. सफारी घातलेल्या डायरेक्टर साहेबांनी आम्हाला थंड पाजलं, मामाची विचारपूस केली. मी आतून फुलून गेले होते. सिस्टरनी बाटली संपवली, रुमालाने ओठ टिपले, आणि पर्समधून एक चौकोनी कागद काढला. त्यावर त्यांनी मल्याळममध्ये प्रश्न लिहून आणले होते.

एका वर्षात किती मुली घेणार? त्या शिकणार कोणत्या दवाखान्यात? तिथे खाटा किती? वॉर्डात मुलींबरोबर शिकवणारी मॅडम उभी राहणार, की मुलींना तिथल्या स्टाफच्या भरवशावर सोडणार? आयसीयूमध्ये कोणत्या वर्षी पाठवणार, किती आठवडे?

डायरेक्टर साहेब सुरुवातीला हसून उत्तरं देत होते. तिसऱ्या प्रश्नापासून त्यांनी "मॅडम, वो सब हो जाएगा" म्हणायला सुरुवात केली. आम्हाला प्रयोगशाळा दाखवली. तिथे खाटेवर माणसाच्या आकाराचा एक रबरी पुतळा निजवला होता, नळ्या घालायला शिकण्यासाठी. त्याच्यावर अजून प्लास्टिक होतं, पायाच्या अंगठ्याला दुकानाची चिठ्ठी होती. सिस्टरनी पुतळ्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप बघावा तसा.

"कौन से दवाखाने से आपका टाय-अप है?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी नाव सांगितलं. सिस्टरनी ते लिहून घेतलं, हात जोडले, "बहुत अच्छा बिल्डिंग है," असं मनापासून म्हणाल्या, आणि बाहेर येऊन रिक्षा थांबवली.

तो दवाखाना म्हणजे एका चौकातलं दुमजली नर्सिंग होम होतं. वरच्या मजल्यावर आयसीयू, खाटा तीन. काउंटरवर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी एकच मुलगी होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. सिस्टरनी आपली ओळख सांगितली, ती पटकन उठून उभी राहिली.

"इधर स्टुडंट लोग आता है?"

"नहीं सिस्टर. कोई नहीं आता. एक बार कोई साहब आए थे, फोटो खींच के ले गए."

बोलता बोलता सिस्टरची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या खाटेकडे गेली. तिथे एका आजोबांना सलाईन चालू होतं आणि त्यांचा हात मनगटाच्या वर फुगला होता. सुई शिरेतून निसटली होती. सिस्टर पुढे झाल्या नाहीत. त्या मुलीच्या कानाशी हळूच काहीतरी बोलल्या. मुलीचा चेहरा उतरला. "मैं अकेली हूँ सुबह से," ती म्हणाली. "मालूम है," सिस्टर म्हणाल्या, "चलो, तुम करो, मैं पकड़ता है." त्यांनी आजोबांचा हात धरून ठेवला, मुलीने नवीन सुई लावली. एकदा चुकली, दुसऱ्यांदा लागली. निघताना सिस्टरनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला रडू आलं आणि तिने तोंड फिरवलं.

परतीच्या बसमध्ये मलाही रडू आलं, पण माझं रागाचं होतं. राग कोणाचा तेच कळत नव्हतं. सिस्टरनी भाजलेल्या शेंगांचा पुडा घेतला होता, तो माझ्या मांडीवर ठेवला. बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या आणि मग स्वतःहून बोलायला लागल्या.

त्यांच्या गावात चर्चच्या बोर्डावर एकदा एक कागद लागला होता. नर्सिंग स्कूलची यादी. त्यांचे वडील वारलेले, घरात पाच भावंडं. यादीतलं जे नाव त्यांना पहिल्यांदा वाचता आलं, तिथे त्यांनी अर्ज केला. ते स्कूल केवढं दूर आहे, तिथे काय भाषा बोलतात, काही माहीत नव्हतं.

"मेरा स्कूल अच्छा निकला. टीचर लोग अच्छा था. वो मेरा नसीब था," त्या म्हणाल्या. "मेरे साथ का दो लड़की दूसरे स्कूल में गया. तीन साल झाड़ू लगाया, बिस्तर लगाया, कुछ नहीं सीखा. बाद में पेशंट के सामने डरता था. वो भी उतना ही होशियार था. तुम नसीब पे मत जाओ. देख के जाओ."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "मेरे पास डिग्री नहीं है. डिप्लोमा है. इसलिए मैं नया लड़की लोग को वॉर्ड में सिखा सकता है, क्लास में नहीं. नियम है." तक्रार नव्हती. आज बस उशिरा पोचेल, हे ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात सांगितलं.

मग त्यांनी मला नागपूरच्या एका जुन्या कॉलेजबद्दल सांगितलं. ट्रस्टचं मोठं रुग्णालय, त्याला लागूनच कॉलेज. त्यांच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण पुढे डिग्री घेऊन तिथे शिकवत होती. पण लगेच बोट वर करून म्हणाल्या, "सहेली है इसलिए अच्छा नहीं बोलता है. उधर भी जाके देखो. वहाँ भी सब पूछो." प्रवेश परीक्षा आठ दिवसांवर होती. फॉर्म तिथे जाऊनच भरायचा होता.

घरी मामा होताच. सगळं ऐकून तो भडकला. "एक दिवस बघून लगेच वाईट ठरवलंत? सुरुवातीला सगळीकडे असंच असतं. मी डायरेक्टरला शब्द दिलाय!"

डॉक्टरांनी बाबांना रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालायला सांगितलं होतं, संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले. ते म्हणाले, "इंदूरला असतीस तर दर शनिवारी आली असतीस."

मी लगेच म्हटलं, "मग मी इंदूरलाच जाते बाबा. चालेल मला."

ते थांबले. धाप लागली म्हणून थांबले असं मला वाटलं. "बेटा, मी तुला जा किंवा नको जाऊ काही सांगितलं नाही. मला काय वाटतं ते सांगितलं. आता तुला काय वाटतं ते तू सांग."

मी म्हटलं, "मला भीती वाटते. नीट न शिकता एखाद्या पेशंटपाशी उभी राहीन याची."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि आम्ही टोकापर्यंत जाऊन परत आलो.

पण नागपूरला मला नेणार कोण? बाबांना प्रवास मना होता. मामा रुसलेला. तेव्हा आई म्हणाली, "मी जाते."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. आई लग्नानंतर बाबांशिवाय कधी उज्जैनबाहेर गेली नव्हती. बँकेत पैसे काढायचे तरी बाबांना विचारणारी बाई. तिने पिशवी भरली, दशम्या केल्या, बाबांच्या गोळ्या वेळेप्रमाणे पुड्या करून शेजारच्या काकूंकडे दिल्या, आणि आम्ही दोघी गाडीत बसलो. नागपूरला आत्याकडे उतरलो.

कॉलेजची इमारत पिवळ्या चुन्याची, जुनी. जिने झिजून मधे खोलगट झालेले. लिफ्ट नाही. पेपर सकाळी झाला, मुलाखत दुपारी होती. मधल्या वेळात आलेल्या मुलींना चार-चारच्या गटांनी रुग्णालय दाखवायची तिथे पद्धत होती. आमच्या गटाबरोबर तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली. मी जाताना खाटा मोजत होते. आयसीयूत बारा होत्या, बाराही भरलेल्या.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक पेशंट होते, साठीचे, बेशुद्ध, तोंडात नळी, श्वास मशीनवर. दोन विद्यार्थिनी त्यांना कुशीवर वळवत होत्या. एक वाकून त्यांना सांगत होती, "काका, आता डावीकडे वळवतेय हं. पाठीला थोडं गार लागेल. झालंच." मग दुसरी पाठ पुसायला लागली. त्यांच्या मागे त्यांच्या मॅडम हात मागे बांधून उभ्या होत्या. काही बोलत नव्हत्या, पण त्यांची नजर नळीवरून हलत नव्हती.

त्यांच्याशी बोलणारी मुलगी मोकळी झाल्यावर मी धीर करून तिला विचारलं, "त्यांना ऐकू येतं का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर सांगते."

मी बाहेर आले तेव्हा आई जागेवर नव्हती. तिला कॉलेजच्या ऑफिसात बसवलं होतं. शोधत शोधत गेले तर ती आयसीयूबाहेरच्या बाकावर, पेशंटच्या नातेवाइकांमध्ये बसलेली. एका बाईचा हात हातात, मांडीवर दशम्यांचा डबा उघडा, दोघी जेवत होत्या. मला बघून ती उठली, मला बाजूला घेतलं आणि तासाभरात जमवलेली सगळी हकीकत सांगितली.

"त्या बाईचा मुलगा नऊ दिवस आत आहे. ती म्हणते, इथल्या मुली दर थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगतात, विचारावं लागत नाही. एका मुलीने परवा दुसऱ्याच पेशंटचा कागद आणला, तर तिच्या मॅडमने आमच्यासमोर तिला रागावलं नाही, आत नेलं. मग ती मुलगी परत आली, माफी मागितली आणि बरोबर कागद आणला. संडास स्वच्छ आहेत, मी जाऊन बघितले." मग आईने पदराने तोंड पुसलं. "अकरा दिवस मी तशा बाकावर बसलीये गं. खरं-खोटं तिथे कळतं. तू इथेच शिक."

बाकावरच्या नातेवाइकांना विचारा, हे सिस्टरच्या मल्याळम कागदावर नव्हतं. पुढे मी त्यांना ते सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, आणि म्हणाल्या, "तुम्हारा मम्मी को इन्स्पेक्शन में भेजना चाहिए."

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. ते तीन आठवडे फार वाईट गेले. मामाने एकदा आडून सुचवलं की इंदूरची सीट अजून आहे. बाबांनी "थांबू या" म्हटलं. दुसऱ्या यादीत खालून चौथं माझं नाव आलं. मामाने महिनाभर अबोला धरला, पण मी निघायच्या आदल्या दिवशी लोखंडी ट्रंक डोक्यावर घेऊन दारात उभा. ट्रंकेवर त्याने पेंटरकडून माझं नाव लिहून घेतलं होतं, आणि नावापुढे 'बी.एस्सी. नर्सिंग'. पहिला दिवस पण उजाडला नव्हता अजून. त्या इंदूरच्या कॉलेजबद्दल मी वाईट बोलणार नाही. ऐकलं की पुढे त्यांनी स्वतःचा दवाखाना बांधला आणि चांगल्या मुली तिथून निघाल्या. मी गेले असते तेव्हा तो नव्हता, एवढंच.

चार वर्षं सोपी गेली नाहीत. पहिल्या वर्षी मी दोनदा सामान बांधलं. पण वॉर्डात माझ्या मागे कायम कोणीतरी हात बांधून उभं असायचं, आणि तिसऱ्या वर्षी आयसीयूत गेले तेव्हा काय करायचं ते ठाऊक होतं. पुढे एम.एस्सी.ला मी क्रिटिकल केअरच घेतलं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात घरी आले तेव्हा सिस्टर एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या. हातात माझ्याकडे होती तसलीच जाड पुस्तकं. जरा लाजल्यासारख्या दिसत होत्या. नोकरी सांभाळून, टपालाने धडे मागवून डिप्लोमावाल्या नर्सना डिग्री घेता येते, असं कळल्यावर त्यांनी फॉर्म भरला होता. वयाच्या पन्नाशीनंतर. "इंदूर का वो दिन के बाद सोचा," त्या म्हणाल्या. "तुमको बोला देख के जाओ, देख के जाओ. मेरे को किसने रोका है?"

त्या सुट्टीत आम्ही दोघी आमच्या ओसरीत बसून अभ्यास केला. रक्तातल्या आम्लाचं प्रकरण त्यांना पुस्तकातून उलगडत नव्हतं, आणि मला ते पुस्तकातून पाठ होतं, पण पेशंटमध्ये ओळखता येत नव्हतं. मी त्यांना आकडे समजावले. त्यांनी मला त्या आकड्यांचा माणूस कसा दिसतो ते सांगितलं: श्वास कसा खोल आणि भराभर चालतो, ओठ कसे दिसतात, तो प्रश्नाला उत्तर किती उशिरा देतो. आई चहा आणायची आणि आमच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकायची. बाबा पेपर वाचत असल्याचा बहाणा करायचे. सिस्टर एका पेपरात नापास झाल्या, परत बसल्या, आणि पास झाल्या.

डिग्री हातात आली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन्ही वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्याच्या नर्सिंग स्कूलमध्ये क्लास घेतला. एकदा दिवाळीत आले असताना मी त्यांना न सांगता शेवटच्या बाकावर जाऊन बसले. समोर तीस मुली, बऱ्याचशा आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या. सिस्टर खडू हातात घेऊन विचारत होत्या, "पेशंट बात करते करते चुप हो गया. पहले क्या करेगा?"

कोणी हात वर करेना. मग मी केला. सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं, ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"नाडी बघणार. गळ्यापाशी," मी म्हटलं.

"आधा सही," त्या म्हणाल्या. "पहले नाम लेके बुलाएगा. बैठ जाओ."

आणि त्या फळ्याकडे वळल्या.